वर्गणीतून पुस्तकांचा संचही घ्यावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की आमच्या दारव्हा तालुक्यात वावरावावरांतून हुरड्याचे आणि रोडग्यांचे बेत सुरू होतात आणि 31 डिसेंबरसाठी मंडळे वर्गणी गोळा करू लागतात. त्यात मला गैर काही वाटत नाही. कापसाचे चार पैसे हाती आलेले असतात आणि वर्षभर राबलेल्या माणसाने एक रात्र वांग्याची भाजी आणि रोडगे खाऊन आनंदात घालवली तर काही बिघडत नाही. मात्र याच सुमारास महाविद्यालयांचे नवे सत्र तोंडावर येते आणि त्याच घरांत पुस्तकांसाठी पैसे उरलेले नसतात.

बारावीपर्यंत बालभारतीमुळे पुस्तकांचा भार पालकांना फारसा जाणवत नाही. पदवीला हा आधार एकदम सुटतो. बी.एस्सी.च्या एका विषयाचे इंग्रजी पुस्तक सहज 500 रुपयांच्या पुढे जाते, म्हणजे किलोमागे 10 रुपये वेचणी धरली तर त्या एका पुस्तकासाठी मुलाच्या आईला 50 किलो कापूस वेचावा लागतो. राज्य शासनाने 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरच्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले, हे स्वागतार्हच आहे. पण पुस्तकांचा खर्च त्यांच्या घरच्यांनाही चुकलेला नाही.

त्यातच नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलल्याने थोरल्याची पुस्तके धाकट्याने वापरण्याची सोय बरीचशी संपली. दुकानदार नवीच आवृत्ती पुढे करतो, जुनी कुठवर चालेल हे वर्गात कोणी ठामपणे सांगत नाही, आणि मुले शेवटी गाइडवर भागवतात. वास्तविक, अध्यापनासाठी पुस्तकांतील निवडक भागांच्या झेरॉक्स प्रती काढण्यास 1957 च्या कॉपीराइट कायद्यात मुभा असल्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्येच स्पष्ट केले आहे. प्राध्यापकांनी असे भाग निवडून दिले, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

उरलेल्या निम्म्यासाठी माझी सूचना आहे. मंडळांनी जेवण खुशाल करावे, पण त्या रात्रीच्या डीजेच्या भाड्यातून गावातील मुलांना लागणाऱ्या पुस्तकांचा एक संच सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावा, तो सत्रापुरता द्यावा आणि परत घेऊन पुढच्या मुलांना द्यावा. पुस्तके परत येणार नाहीत ही शंका मी ऐकली आहे. परंतु घरोघर फिरून वर्गणी वसूल करणाऱ्या कार्यकर्त्यांना चार पुस्तके वसूल करता येणार नाहीत, असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल.

गाडगेबाबांनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला मटण-दारूची चाल मोडून गोडाचे जेवण घातले होते. पंगत त्यांनी रद्द केली नाही, तीतला एक खर्च बदलला. त्यांच्या नावाच्या विद्यापीठातच आमची मुले शिकतात. 20 डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी असते. परिसरातील महाविद्यालयांनी त्या दिवसापर्यंत पुढील सत्राच्या पुस्तकांची यादी, कोणती जुनी आवृत्ती चालेल या नोंदीसह, ग्रामपंचायतींकडे पाठवावी, म्हणजे मंडळांना डीजे ठरवण्यापूर्वी ती पाहता येईल.

आपला विश्वासू,
एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ