आमच्या आजीला लग्नाच्या फोटोत बसवणाऱ्या दादांना

नवी पेठेतल्या स्टुडिओतले दादा,

सप्रेम नमस्कार.

फोटो घेऊन जाताना तुमचे आभार मानले होते, पण ते काउंटरवरचे, घाईतले. तेवढ्यावर माझं समाधान नाही. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण "एका फोटोतलं माणूस दुसऱ्या फोटोत टाकायचं, दोन मिनिटांचं काम" असं म्हणणारे आमच्या घरातच पुष्कळ आहेत. ते काम कसं होतं हे मी जवळून पाहिलंय.

धाकटीच्या लग्नात आजी खुब्याचं हाड मोडून घरी होती. खुर्चीत बसायची मुभा होती, जिना उतरायची नव्हती. अक्षता पडल्या, जेवणं उठली, घरच्या सगळ्यांचा फोटो झाला आणि त्यात आजीच नाही. चुलतभावानं मोबाइलच्या एका ॲपमधून तिला फोटोत आणलं खरं, पण गाल भरलेले, सुरकुत्या गेलेल्या आणि कपाळावरचं गोंदणही पुसलेलं. आजीनं फोटो डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "ही कोण बाई?"

मग मी तुमच्याकडे आले, गड्ड्याच्या यात्रेतला आजीचा एक छान फोटो घेऊन. मागे नंदीध्वजाची मिरवणूक, बाराबंदीतली माणसं, आणि आजी मनापासून हसतेय. तुम्ही तो परत दिलात. दुपारचं ऊन डोक्यावरचं, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत काळोख. हॉलमधला लाइट मात्र डावीकडून आलेला. "चेहऱ्यावरची सावली अशी दुसरीकडे वळवता येत नाही ताई," म्हणालात. आणि ग्रुप फोटो इतका मोठा केलात की धाकटीचं बुबुळ अख्ख्या स्क्रीनभर झालं. दोन्ही बुबुळांत वरच्या बाजूला, आपल्या डावीकडे, एकेक पांढरा ठिपका होता. तो फोटोग्राफरच्या छत्रीलाइटचा. लाइट कुठे होता, किती उंच होता, हे तुम्ही नवरीच्या डोळ्यांत वाचलंत. त्या घटकेला मी निश्चिंत झाले.

आजी हयात आहे, तर तिचा नवाच फोटो काढू, ही कल्पना तुमचीच. आधी तिला विचारलंत, "आजी, तुम्हाला लग्नाच्या फोटोत बसवलं तर चालेल का?" घरातल्या आम्हा कुणालाही हे विचारायचं सुचलं नव्हतं. आजीनं पेटीतली हिरवी नऊवारी काढायला लावली.

आमच्या बाळीवेशीतल्या घराचा सोपा तो केवढासा! जवळून काढला तर नाक मोठं दिसतं, कान मागे जातात, आणि ग्रुप फोटो तर लांबून काढलेला. म्हणून तुम्ही दार सताड उघडून बोळात जाऊन उभे राहिलात. कॅमेरा छातीच्या उंचीवर, हॉलमध्ये होता तसाच. वरून काढला असता तर आजी खुर्चीतून घसरतेय असं वाटलं असतं, हेही तिथेच सांगितलंत. गाड्या थांबल्या, शेजारच्या काकू विचारायला आल्या, तुम्ही शांत. आजीच्या मागे आमचीच मरून रंगाची सोलापुरी चादर टांगलीत, कारण हॉलमधला पडदा मरून होता. फोटोतून आजीला कापून काढताना पांढऱ्या केसांच्या कडेला मागचा रंग थोडा राहतोच. तो पडद्याच्याच जातीचा असला की डोळ्याला खटकत नाही.

नंतर कॉम्प्युटरवरचं काम तुम्ही मला शेजारी बसवून दाखवलंत. आजीला पुढच्या रांगेत घेतलंत आणि आत्याच्या शालीचा काठ तिच्या गुडघ्यावरून पुढे आणलात. तेवढ्यानं ती फोटोवर चिकटवलेली न वाटता माणसांत बसलेली वाटायला लागली. मग सावल्या. खुर्चीचा पाय जिथे जमिनीला टेकतो तिथे अगदी बारीक, गडद रेघ, आणि तिच्यापुढे पसरत फिकी होत गेलेली दुसरी सावली. ती रेघ तुम्ही एकदा बंद करून दाखवलीत, तर आजी खुर्चीसकट अधांतरी! चेहऱ्यावर हॉलचा पिवळटपणा चढवलात. शेवटी, हॉलच्या कमी उजेडात फोटोला आलेला रव्यासारखा बारीक दाणेदारपणा आजीच्या स्वच्छ फोटोलाही दिलात. गोंदणाला आणि सुरकुत्यांना हात लावला नाहीत.

"हे सगळं आता एआय करतं," असं आमचे भाऊसाहेब तुमच्या तोंडावर म्हणाले, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. फोटो जोडणं फार जुनं आहे, 1857 साली रेजलँडर नावाच्या फोटोग्राफरनं तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एकच चित्र केलं होतं, आणि तेव्हा फोटोशॉप यायला सव्वाशेहून जास्त वर्षं होती, एवढंच सांगितलंत. भाऊसाहेब आता ते सगळ्यांना सांगत फिरतात.

सर्वांत मोठे आभार मात्र फोटोच्या पाठीमागच्या ओळीसाठी. "आजींचा फोटो नंतर घरी काढून यात जोडला आहे," असं तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलंत, आणि मूळ फोटोची प्रतही त्याच पाकिटात दिलीत. काहींना ते आवडलं नाही. मला फार पटलं. धाकटीची मुलं उद्या हा अल्बम बघतील, तेव्हा पणजी त्या दिवशी घरी दुखणं सोसत होती हेही त्यांना कळायला हवं. तिचं ते सोसणं आपण का झाकायचं?

अक्कलकोटच्या मामांना एक प्रत हवी आहे, या आठवड्यात काढून ठेवा. आणि या वेळी पैसे पूर्ण घ्या, मागच्यासारखं "आजींकडून काय घ्यायचं" चालणार नाही. गड्ड्याला वहिनींना आणि मुलांना घेऊन जेवायला या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आजी स्वतः समोर बसून करवून घेणार आहे, तसं तिनं बजावलंय.

आपली,
नवरीची थोरली बहीण
बाळीवेस, सोलापूर