रॉक स्लायडरचा गंज कोटिंगखाली लपतो

संपादक महोदय,

सह्याद्रीतील खडकाळ वाटा तुडवणाऱ्या थार, जिम्नी अशा गाड्यांच्या दारांखाली बसवलेले पोलादी रॉक स्लायडर दगडांचे घाव झेलण्यासाठीच असतात, त्यामुळे त्यांचा रंग खरचटणे अपरिहार्य आहे. प्रश्न त्यानंतर आपण काय करतो याचा आहे. माझ्या गाडीच्या स्लायडरवरचे काळे पावडर कोटिंग (रंगाची भुकटी भट्टीत भाजून चढवलेला जाड थर) दोन पावसाळ्यांनंतरही वरून चकचकीत दिसत होते, पण नखाने टोकरताच त्याचा पापुद्रा निघाला आणि खाली तळहाताएवढा गंज आढळला, कारण एका ओरखड्यातून शिरलेले पाणी त्या जाड थराखालीच साचून राहिले होते. अशा जागी वरून काळा स्प्रे मारणे म्हणजे केवळ गंज झाकणे होय. सुटलेले कोटिंग खरवडून, तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने धातू उघडा करावा, खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावावे, आणि ते धुऊन पूर्ण सुकल्यावर इपॉक्सी प्रायमर व रंग द्यावा. साधा एनॅमल रंग पावडर कोटिंगपेक्षा कमी टिकत असला तरी ओरखडा पडताच घरीच पुन्हा लावता येतो, म्हणून मला तोच पसंत आहे.

स्लायडरच्या पोकळ नळीच्या आतला गंज तर दिसतच नाही. तिथे मेणयुक्त गंजरोधक फवारावे, आणि समुद्रकिनाऱ्यावरून परतल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवावी. स्लायडर बनवणाऱ्यांनी नळीच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी भोके ठेवावीत, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, चिपळूण