भंडारदऱ्याच्या मामांना, नंबरप्लेटच्या फोटोसकट

मामा, नमस्कार.

तुम्ही फोन फक्त बोलायला वापरता हे माहितीये, त्यामुळे तुमची लेक संगमनेरहून सुट्टीला आली की तीच हे वाचून दाखवेल. सगळ्यांसमोर लिहितेय कारण आभार तर मानायचेच आहेत पण सोबत एक कबुली पण द्यायचीये, आणि ती नुसती तुमच्या कानात सांगितली तर मी फारच स्वस्तात सुटेन.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगते. मे संपत आला होता, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन वर्षं झालेली आणि या दोन वर्षांत ती डोंबिवलीच्या बाहेर पडलेलीच नव्हती. म्हटलं चला, भंडारदऱ्याला जाऊ, तळ्याकाठी कॉटेज घेऊ, पोरांना काजवे दाखवू, आई निवांत पाण्याकडे बघत बसेल. ऑनलाइन बुकिंग केलं, ७,२०० रुपये ॲडव्हान्स भरला, फोटो एकदम झकास होते. कसारा, इगतपुरी, मग घोटीवरून आत वळलो, बारीजवळ कळसूबाई दिसलं तेव्हा नवऱ्याने पोरांना १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच वगैरे लेक्चर दिलं, सगळं मजेत चाललेलं. रात्री साडेआठला कॉटेजच्या गेटवर पोचलो तर आतून उत्तर आलं की रूम दुसऱ्यांना दिलीये, तुमचं बुकिंग इथे दिसतच नाही. रिफंड 'प्रोसेसमध्ये' आहे म्हणे, तो अजून प्रोसेसमध्येच आहे. शनिवार, त्यात काजव्यांचा सीझन, शेंडी गावात एक खोली रिकामी नाही, तंबूसुद्धा नाहीत. धाकटा रडायला आलेला, आई गाडीत पाय आखडून बसलेली, आणि मी चहाच्या टपरीवर उभी राहून नवऱ्याशी भांडत होते की तूच म्हणालास उशिरा निघू.

तेव्हा तुम्ही पिकअपमधून उतरलात आणि मला काहीच न विचारता आमच्या गाडीत डोकावून म्हणालात, "म्हातारीला घेऊन कुठं फिरता एवढ्या रातीचं? चला मागं."

पाण्याच्या कडेला दोन खोल्या बांधायला घेतल्यात म्हणालात, एकीला दार आहे पण खिडकीला काच नाही, ताडपत्री लावून देतो, जेवणासकट दीड हजार द्या. आणि मामा, मी काय केलं? बाराशे करा म्हटलं. न बघितलेल्या माणसाला मोबाइलवरून सात हजार पाठवताना मी हूं की चूं केलं नव्हतं, आणि समोर उभ्या माणसाशी तीनशे रुपयांवरून घासाघीस. तुम्ही 'बरं' म्हणालात. ते इतक्या सहज म्हणालात की मला उलट जास्तच संशय आला.

मग तो कच्चा रस्ता. पुढे तुमचा पिकअप, मागे आमची गाडी, दोन्ही बाजूला मिट्ट काळोख. मी हळूच तुमच्या नंबरप्लेटचा फोटो काढला आणि पुण्याच्या भावाला पाठवला, खाली लिहिलं, 'या माणसाच्या मागे चाललोय, सकाळपर्यंत फोन नाही आला तर बघ.' तिथे रेंज कुठली, मेसेज घड्याळाच्या खुणेवरच अडकून पडला.

खोलीत पोचलो तर मामींनी चूल पेटवलेलीच होती. हुलग्याची शेंगोळी, नागलीची भाकरी, ठेचा. पिझ्झाशिवाय कशालाच तोंड न लावणाऱ्या माझ्या लेकीने दोन भाकऱ्या खाल्ल्या, याचे मामींना वेगळे आभार.

त्यानंतर तुम्ही आम्हाला सादड्याच्या झाडाखाली नेलंत. रस्त्यापलीकडे गाड्यांची ही रांग, हेडलाइट चालू, रील्स चालू, कुणीतरी गाणी लावलेली. तुम्ही आम्हाला बरोब्बर उलट्या दिशेला, शेताच्या बांधावरून घेऊन गेलात आणि धाकट्याच्या हातातला टॉर्च काढून घेतलात. "हे वर चमकतात ते नर, मादी खाली पाल्यात बसलेली असते, ती बारीक लुकलुकती. तुझा टॉर्च म्हंजे त्यांच्या लग्नात घुसलेला डीजे." आम्ही पाच जण दहा मिनिटं गप्प उभे होतो, हा आमच्या घरातला रेकॉर्ड असावा. आधी दहा-बारा ठिपके, मग डोळे सरावले तसं अख्खं झाड एकदम उजळायचं, एकदम विझायचं, आणि मग तेच शेजारच्या झाडावर. फोटो एकही नाही. घरी येऊन धाकट्याने वाचून काढलं की हा उजेड थंड असतो आणि काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खातात, आता तो सोसायटीच्या बागेत गोगलगायी मोजत फिरतो.

सकाळी मात्र मी अजून एक माती खाल्ली. दोन बादल्या पाणी घेऊन मस्त आंघोळ केली, केस धुतले, आणि बाहेर येऊन बघते तर मामी डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीवरून चढ चढत येतायत. समोर एवढं मोठं धरण! तुम्हीच मग सांगितलंत की हे विल्सन धरण बांधायला १९१० ला सुरू झालं, १९२६ ला पुरं झालं, अकरा टीएमसीचं, पण आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीचं पाणी, सुटलं की ते प्रवरा नदीने खाली जातं, संगमनेर, श्रीरामपूरकडच्या उसाला, आणि वरच्या वाड्यांत मे महिन्यात बाया हंडेच वाहतात. यात तक्रारीचा सूर पण नव्हता तुमचा. धरणातून सोडलेल्या पाण्याचा अंब्रेला फॉल सुरू आहे का बघू, फोटो काढू असं आम्ही आदल्या दिवशी बोलत होतो, ते पाणी म्हणजे कुणाचं तरी आवर्तन असतं हे आमच्या गावीच नव्हतं.

आणि आता ती खुर्ची. आईला पाण्यात पाय सोडायचे होते. पण मे महिन्यात पाणी केवढं मागे हटलेलं, मध्ये सगळा भेगाळलेला गाळ, वर कडक आणि काठाशी गेलं की पाय आत जाणार. आम्ही म्हणालो राहू दे, इथूनच बघ. तुम्ही काही न बोलता घरातली निळी प्लास्टिकची खुर्ची खांद्यावर टाकलीत, दुसऱ्या हातात बांधकामातल्या उरलेल्या फरशीचे चार तुकडे. पाण्याशी गेल्यावर एकेका पायाखाली एकेक तुकडा ठेवलात, खुर्ची हलवून बघितलीत, एक पाय खाली जात होता तर त्याखाली अजून एक चपटा दगड सरकवलात, मग स्वतः बसून बघितलंत, आणि मग आईला हाताला धरून आणलंत. आई तासभर बसली होती. पाय पाण्यात, समोर रतनगड, आणि ती कुणाशीच बोलत नव्हती, जे तिच्या बाबतीत कधी होत नाही.

तासाभराने तुमच्यासोबत शेंडीत चहाला आलो आणि माझ्या फोनला रेंज आली. रात्रीचा मेसेज तेव्हा गेला, सकाळी दहा वाजता! भावाचा लगेच फोन, स्पीकरवर पडला, आणि तो ओरडतोय, "कोण आहे तो पिकअपवाला? पोलिसांना कळवू का?" तुम्ही शेजारी बशीत चहा ओतत होतात. मला वाटलं तिथल्या तिथे धरणात उडी मारावी.

तुम्ही चहा संपवलात आणि म्हणालात, "बरं केलं ताई. मी पण पोरीला हेच सांगतो, रातची कुणाच्या गाडीत बसली तर आधी नंबर पाठव."

बस, एवढंच. पुढे काही नाही, मग तुम्ही रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात जायचा रस्ता समजावायला लागलात. निघताना मी दोन रात्रींचे तीन हजार पुढे केले तर तुम्ही चोवीसशे मोजून घेतलेत आणि सहाशे परत दिलेत, ठरलं ते ठरलं म्हणून. वर पळसाच्या पानांत बांधलेली करवंदं. ती सहाशे रुपयांची गोष्ट मला अजून टोचते, खरंच सांगते, जास्त घेतले असतेत तर बरं वाटलं असतं.

तर मामा, मनापासून थँक्यू. खोलीसाठी, काजव्यांसाठी, आणि मला तोंडावर काही न बोलल्याबद्दल. खिडकीचं माप लेकीकडून कळवा, पुढच्या मेमध्ये येताना काच आम्ही घेऊन येतो, आणि यावर घासाघीस चालणार नाही.

परवा पेपरात धरण भरल्याची बातमी होती. आईने ती वाचली आणि तेव्हापासून मागे लागलीये, मामांना विचार, खुर्चीखालच्या फरश्या काढून आणल्या होत्या का पाण्यातच राहिल्या?