एएमएचचा आकडा काय सांगतो, काय नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतील वंध्यत्वावरच्या लेखात एएमएचचे वर्णन 'आई होण्याची क्षमता सांगणारी चाचणी' असे केले आहे. मी संप्रेरक तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. हे अहवाल रोज माझ्या हातून जातात आणि ते हातात घेऊन रडणाऱ्या बायकाही मी पाहते. त्यामुळे हे शब्द वाचून गप्प बसवले नाही.

एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) हे संप्रेरक अंडाशयातल्या लहान बीजकोषांतून स्रवते. अंडाशयात साधारण किती बीजे शिल्लक आहेत, याचा अंदाज त्यावरून येतो. आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, करणाऱ्या डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. इंजेक्शनांचा डोस किती ठेवायचा, बीजे किती मिळतील, आणि आकडा खूप वर असेल (पीसीओएस या अंडाशयाच्या विकारात अनेकदा असतो) तर अंडाशय बेसुमार सुजण्याचा धोका किती, हे आधी ताडता येते. मात्र मिळालेले बीज निरोगी आहे की नाही, हे एएमएच सांगत नाही. ते बरेचसे वयावर ठरते, कारण वयाबरोबर बीजांमधले गुणसूत्रांचे दोष वाढत जातात. एएमएच 0.8 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) असलेल्या तिशीतल्या स्त्रीला 3 असलेल्या बेचाळिशीतल्या स्त्रीपेक्षा बीजे कमी मिळतील, पण त्यातले एकेक बीज निरोगी असण्याची शक्यता तिचीच जास्त.

2017 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, 30 ते 44 वयाच्या सुमारे साडेसातशे स्त्रिया त्यात होत्या. एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्यात इतरांपेक्षा अडचण आली, असे त्यात दिसले नाही. आणि 1978 साली जन्मलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन आठवा. तिच्या आईला बीजे वाढवण्याची औषधे दिलेली नव्हती. त्या महिन्यात आपोआप तयार झालेल्या एकाच बीजातून ती जन्मली. कमी एएमएचला अर्थ नाही, असे मी म्हणत नाही. आयव्हीएफमध्ये बीजे कमी म्हणजे भ्रूण कमी, संधी कमी. अशा जोडप्याने वेळ दवडू नये, हे खरेच. पण 'घाई करा' आणि 'तुम्हाला मूल होणार नाही' यांत केवढे अंतर आहे!

एकदा एका बाईंचा फोन आला. सहा महिन्यांपूर्वी दुसरीकडे केलेल्या तपासणीत त्यांचे एएमएच 7.9 होते, आमच्या अहवालात 1.1. "एवढ्यात सगळं संपलं का हो?" असे त्या विचारत होत्या. दोन रात्री त्यांना झोप नव्हती. पहिला अहवाल पिकोमोल प्रति लिटरमध्ये होता, आमचा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. नॅनोग्रॅमच्या आकड्याला 7.14 ने गुणले की पिकोमोलचा आकडा येतो, म्हणजे दोन्ही अहवाल एकच गोष्ट सांगत होते. हे त्यांना आधी कोणीच सांगितले नव्हते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हा आकडा खाली येऊ शकतो, हेही फारसे कोणी सांगत नाही. आणि बाईचे एएमएच झाले तरी नवऱ्याची वीर्यतपासणी झालेलीच नाही, अशीही जोडपी येतात, याचा मला राग येतो.

भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतर दिवस राहिले का हे पाहण्यासाठी रक्तातले बीटा एचसीजी हे संप्रेरक मोजतात, त्याचीही हीच गत. पहिल्या आकड्यापेक्षा तो पुढे कसा वाढतो, हे महत्त्वाचे. 48 तासांत दुप्पट झाला नाही म्हणजे गर्भ गेलाच, असे बायका धरून चालतात. प्रत्यक्षात सुरुवातीचा आकडा 1500 च्या आत असेल, तर तेवढ्या वेळात निम्म्याने वाढ झालेली गर्भधारणाही निरोगी असू शकते. गर्भ टिकण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या गोळ्या योनिमार्गे घेतल्या, तर रक्तातला आकडा कमी दिसूनही गर्भाशयाला औषध पुरेसे मिळत असू शकते.

प्रयोगशाळांनी एएमएचच्या अहवालात एकक ठळक छापावे आणि खाली एक ओळ घालावी: 'या चाचणीवरून गर्भधारणा होईल की नाही हे ठरत नाही.' आमच्याकडे मी ही सूचना लेखी दिली आहे. अजून ती ओळ आलेली नाही. आपली पुरवणी मात्र अनेक घरांत वाचली जाते. पुढच्या अंकात त्या वाक्याची दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ