भाव चुकतो तो गाळणीत

महोदय,

केंद्र सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलवर बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयद्वारे, म्हणजे एका संगणक प्रणालीने दुसरीकडून थेट माहिती मागवण्याच्या सोयीने, मिळतात. त्यावर अ‍ॅप बांधणाऱ्यांची गफलत बहुधा फिल्टरमध्येच, म्हणजे हव्या तेवढ्याच नोंदी गाळून घेण्याच्या अटीत, होते. विनंतीत 'फिल्टर्स' या शब्दाला लागून चौकटी कंसात रकान्याचे नाव आणि मग बरोबरच्या चिन्हापुढे मूल्य लिहायचे: राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल. मूल्य इंग्रजीतच आणि नोंदीत असेल त्याच स्पेलिंगने हवे. लासलगावचा मुख्य बाजार आणि निफाड, विंचूरचे उपबाजार वेगळ्या नावांनी नोंदलेले असतात; एकच नाव दिले तर बाकीचा कांदा दिसतच नाही.

पोर्टलच्या नमुना चावीवर (एपीआय वापरण्याच्या सांकेतिक क्रमांकावर) एका वेळी जास्तीत जास्त 10 नोंदी येतात. तेवढ्यालाच पूर्ण बाजार समजणे धोक्याचे. नोंदणी करून स्वतःची चावी घ्यावी, उत्तरातला 'टोटल' (एकूण नोंदींचा) आकडा पाहावा आणि 'ऑफसेट' (सुरुवातीच्या किती नोंदी वगळायच्या तो आकडा) वाढवत सगळी पाने आणावीत. भाव क्विंटलचे असतात. ते मजकूर म्हणून आले तर आधी संख्येत बदलावेत, नाहीतर क्रम लावताना 900 हे 1200 पेक्षा मोठे ठरते! तारीख दिवस-महिना-वर्ष अशी असते, तिचेही तेच.

रकान्याचे नाव चुकल्यास अनेक एपीआय ती अट मुकाट सोडून देतात. सरकारी एपीआयने अशा वेळी स्पष्ट त्रुटीसंदेश द्यावा, ही विनंती.

– एक संगणक अभियंता, नाशिक