वॉटसन हॉटेलचे मोठेपण एका आख्यायिकेपुरते नको

महोदय,

काळा घोडा परिसराविषयी काही छापून आले की एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजेच पूर्वीचे वॉटसन हॉटेल, याचा उल्लेख होतो आणि पाठोपाठ तीच कथा येते. जमशेदजी टाटांना येथे प्रवेश नाकारला गेला आणि म्हणून त्यांनी ताज बांधले. हॉटेल युरोपीय पाहुण्यांसाठी राखीव होते आणि ताज १९०३ मध्ये सुरू झाले, हे दोन्ही खरे आहे. मात्र त्यांना जोडणाऱ्या अपमानाच्या प्रसंगाबद्दल अनेक अभ्यासकांनी शंका घेतली आहे. माझे दुःख असे, की या कथेच्या सावलीत त्या वास्तूचे स्वतःचे कर्तृत्व झाकून गेले आहे.

जॉन वॉटसन हे मुंबईतील कापडाचे व्यापारी. त्यांच्यासाठी या इमारतीचा आराखडा रोलँड मेसन ऑर्डिश यांनी केला. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या विशाल छताच्या कामातही सहभागी असलेले हे अभियंते होते. ओतीव आणि घडीव लोखंडाचे खांब, तुळया व सज्जांचे भाग इंग्लंडमध्ये तयार झाले, जहाजांतून मुंबईत आले आणि १८६७ ते १८६९ या काळात येथे जोडून उभे केले गेले. आजूबाजूच्या इमारतींचा भार दगडी भिंती पेलत असताना येथे तो लोखंडी सांगाडा पेलत होता, आणि भिंतींचे काम केवळ आडोसा देण्याचे होते. आज आपल्याला सवयीची झालेली ही बांधणी पहिली गगनचुंबी इमारत मानल्या जाणाऱ्या शिकागोच्या होम इन्शुरन्स इमारतीच्या (१८८५) दीड दशक आधी मुंबईत उभी राहिली, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी चित्रपटाचे फ्रेंच आद्य प्रवर्तक ल्यूमिएर बंधू यांच्या चलत्चित्रांचा भारतातील पहिला खेळ झाला. पॅरिसमधील पहिल्या तिकीट लावलेल्या खेळाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. येथे तिकीट होते एक रुपया आणि चित्रे सहा, त्यांत फलाटावर येणारी आगगाडीही होती. मुंबईत त्या दिवसांत झालेल्या या खेळांनी भारून जाऊन हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावे दादा, यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. मराठी माणसाच्या चित्रपटवेडाचा उगम शोधायचा तर या दारापाशी यावे लागते.

हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांचे तुकडे पडले आणि तेथे वकिलांची कार्यालये, लहान दुकाने व बिऱ्हाडे आली. एका दस्तऐवजासाठी मी त्या लाकडी जिन्याने वर गेलो होतो. प्लायवूडच्या दोन खणांच्या मधोमध एक नक्षीदार खांब अडकला होता. त्यावर रंगाचे इतके थर चढले होते, की नक्षी बोटांनी चाचपल्यावरच कळत होती, आणि त्याच्याच अंगावर विजेचा खटका ठोकलेला होता. पुढे २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून जीवितहानी झाली. त्याच सुमारास जगातील शंभर धोकाग्रस्त वारसास्थळांच्या यादीत या इमारतीचे नाव आले, आणि २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. पाडून टाकण्याची शिफारस करणारा तांत्रिक अहवाल आला, तसेच दुरुस्ती शक्य असल्याचे संवर्धनतज्ज्ञांचे मतही पुढे आले.

रहिवाशांच्या आणि पादचाऱ्यांच्या जिवाची काळजी आधी, यात वाद नाही. परंतु ही इमारत सुट्या भागांतूनच जोडलेली आहे, त्यामुळे गंजलेला भाग बदलून बाकीचा राखण्याचा विचार येथे विशेष गांभीर्याने व्हावा, आणि काम हाती घेताना प्रत्येक खांबाची व तुळईची मोजमापांसह नोंद ठेवावी, अशी माझी संबंधित यंत्रणांना विनंती आहे. आपणही पुढच्या वेळी या वास्तूवर लिहाल तेव्हा लोखंडाला आणि त्या जुलैतल्या संध्याकाळच्या खेळाला पहिल्या परिच्छेदात जागा द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक