हेगच्या पिंजऱ्यात देश नाही, माणूस उभा असतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुठेही युद्ध पेटलं की आपल्याकडच्या पेपरात हमखास एक हेडिंग येतं, अमुक देशावर हेगमध्ये युद्धगुन्ह्याचा खटला. अहो, असा खटला नसतोच! हेगला दोन वेगळी कोर्टं आहेत. एक आंतरराष्ट्रीय न्यायालय, तिथे देश दुसऱ्या देशावर केस करतो, आपल्या कुलभूषण जाधवांची केस भारताने पाकिस्तानविरुद्ध तिथेच लढवली. दुसरं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, ते २००२ ला सुरू झालं, तिथे आरोपी म्हणून फक्त माणूसच उभा राहतो. मार्च २०२३ चं वॉरंट पुतिन यांच्या नावाने आहे, रशियाच्या नाही, आणि आरोप काय तर युक्रेनच्या व्याप्त भागातली मुलं बेकायदा हलवली. नोव्हेंबर २०२४ ला नेतान्याहूंच्या नावाने निघालं. दोघांवरही अजून आरोपच आहेत, पण राष्ट्रप्रमुख किंवा पंतप्रधान आहे म्हणून या कोर्टात सूट नाही.

आता 'वरून ऑर्डर होती' याचं काय, असं कट्ट्यावर सगळेच विचारतात, म्हणून द्राझेन एर्देमोविचची केस सांगतो. बोस्नियातल्या सर्ब फौजेतला २३ वर्षांचा साधा सैनिक, स्वतः क्रोएट. १६ जुलै १९९५ ला याच्या तुकडीला ब्रान्येवोच्या फार्मवर नेलं, तिथे स्रेब्रेनित्साहून पकडलेल्या मुस्लिम पुरुषांना बसमधून आणत होते, दहा-दहा जणांना उतरवायचं, पाठमोरं उभं करायचं आणि गोळ्या घालायच्या. हा म्हणतो मी आधी नकार दिला, तर मला सांगितलं की एवढी दया येत असेल तर जा त्यांच्यात उभा रहा, तुलाही मारतो. मग त्याने गोळ्या झाडल्या. त्याच्याच अंदाजाने त्या दिवशी तिथे १२०० च्या आसपास माणसं मेली आणि त्याच्या हातून ७० एक. संध्याकाळकडे आणखी ५०० जणांना मारायला पिलित्साला चला म्हटल्यावर मात्र तो गेला नाही.

हे सगळं त्याने स्वतःहून कबूल केलं. तरी युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी हेगलाच नेमलेल्या ट्रायब्युनलच्या (हे वरच्या दोन्हींहून वेगळं, तात्पुरतं कोर्ट) अपील बेंचने १९९७ ला तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की जिवाची धमकी होती म्हणून निरपराधांना मारल्याची माफी मिळणार नाही, शिक्षा ठरवताना ते धरू. आधीची १० वर्षं होती ती १९९८ ला ५ झाली. न्यायाधीश कॅसेसी यांनी विरोधात मत दिलं आणि खरं सांगू का, मला त्यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण हा मेला असता तरी ती माणसं काही वाचणार नव्हती. बोस्नियातल्या सर्बांचे नेते कराजिच आणि त्यांचे सेनापती म्लादिच यांना पुढे जन्मठेप झाली ते बरंच झालं. स्रेब्रेनित्साचीच घटना आंतरराष्ट्रीय न्यायालयात देशाविरुद्ध गेली तेव्हा २००७ ला सर्बियाला नरसंहार केला म्हणून नाही, तर तो रोखला नाही आणि दोषींना शिक्षा केली नाही म्हणून जबाबदार धरलं.

दुसरी गडबड म्हणजे सामान्य माणूस मेला की लगेच युद्धगुन्हा लिहून मोकळं व्हायचं. कायदा ऐकायला निर्दय वाटतो पण तो असा आहे की सामान्य लोकांना मुद्दाम लक्ष्य केलं, किंवा लष्करी फायद्याच्या मानाने त्यांचं नुकसान उघडच अवाजवी होणार हे माहीत असून हल्ला केला, तर तो गुन्हा. कैद्यांना मारणं, छळणं, बलात्कार, लोकांना उपाशी ठेवून युद्ध लढणं हेही त्यात येतं. आणि गोळी झाडणाराच अडकतो असं नाही, हाताखालचे काय करतायत हे माहीत असून त्यांना न थांबवणारा कमांडरही अडकतो. फौजदारी न्यायालय ज्यावर उभं आहे त्या रोम कराराचं कलम २८ त्यासाठीच आहे, लष्करी कमांडरला तर 'मला कळलंच नाही' हेही दर वेळी चालत नाही, कळायला हवं होतं असं कोर्ट म्हणू शकतं.

भारत या करारात नाही हेही कधीतरी छापा. आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे (जिनिव्हा करार म्हणजे युद्धात जखमी, कैदी, सामान्य लोक यांना कसं वागवायचं याचे नियम), त्यात या करारांच्या गंभीर उल्लंघनाला शिक्षा आहे, पण त्यावर मराठीत लेख आलेला मला तरी आठवत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, बातमीत कोर्ट कुठलं, आरोप कोणावर, आणि नुसतं वॉरंट आहे की निकाल, एवढं लिहीत जा. दोन ओळी जास्त लागतील, जाहिरातीतून काढा.

आपला,
एक जुना वाचक, सांगली